समुद्रात सोडलेली फाइल

नोकरीतली चौतीस वर्षं मी कागद सांभाळण्यात घालवली. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत होतो. गाडीच्या ब्रेकला लागणारा एक लहानसा तुकडा आम्ही बनवायचो. तो मोजायचं गेज, ते गेज तपासायचं दुसरं गेज, आणि दोन्ही कधी तपासली याच्या नोंदी, असं माझं कपाट भरलेलं असे. पंधरा वर्षांपूर्वीचा कागद कुणी मागितला तर चहा निवायच्या आत काढून देत असे. ज्याला तसं जमत नसे त्याच्यावर मी सगळ्यांदेखत तोंड सोडत असे. माझा स्वभाव चिडका आहे. घरचे म्हणतात तेवढा नाही, पण आहे.

अशा या माणसाने आयुष्यात एकच फाइल घालवली. घालवली म्हणजे स्वतःच्या हाताने समुद्रात सोडली, आणि ती माझ्या मुलीची होती.

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीसाठी इकडे तामिळ मुलखात आलो आणि इथलीच मराठी मुलगी सांगून आली, तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं. भाषेचा तरी प्रश्न नाही, असं आई म्हणाली. मुलगी बघायला गेलो तर होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "काफी होणं का?" मी अदबीनं म्हणालो, "होईल तेव्हा चालेल, घाई नाही." त्यांना 'कॉफी हवी का' असं विचारायचं होतं. हे तंजावरकडचे मराठी लोक, कैक पिढ्या तामिळ मुलखात राहिलेले. त्या दिवशी माझी कॉफी अर्धा तास लांबली. बायको ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते आणि दर वेळी माझी कॉफी पाच-दहा मिनिटांनी आणखी लांबवते.

सासूबाई आमच्याकडेच राहायच्या, अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये. बोलायच्या मराठी, पण लिहायला-वाचायला तामिळ अक्षरंच शिकलेल्या. मला शेवटपर्यंत 'माप्पिळ्ळै' म्हणाल्या. तामिळमध्ये जावयाला तसं म्हणतात. मी कधी त्यांच्यावर चिडलो तर त्या शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "काफी होणं का?" एवढ्या वर्षांत त्यांच्यापुढे माझा आवाज तिसऱ्या वाक्यापलीकडे टिकला नाही.

मुलगी सहा वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला. हे वाक्य मी आज एका दमात लिहिलं. तेव्हा ते कोल्हापूरला फोनवर सांगायला मला आठ दिवस लागले होते. उपचार अडीच वर्षं चालले. घरात कामं आपोआप वाटली गेली. बायको शाळेतली नोकरी सोडून हॉस्पिटलमध्ये मुलीजवळ राहू लागली, घर सासूबाईंनी उचललं, आणि मी फाइल उचलली.

निळ्या पुठ्ठ्याची, नाडी बांधायची फाइल. पहिल्या महिन्यात ती बोटभर होती, वर्षात वीतभर झाली. मी तिला कारखान्यातल्यासारख्या खुणेच्या पट्ट्या लावल्या होत्या. रक्ततपासण्या वेगळ्या, पाठीतली इंजेक्शनं वेगळी, कुठल्या दिवशी कुठलं औषध किती दिलं ते वेगळं. आमचे डॉक्टर म्हातारे आणि मिश्कील होते. राऊंडला आले की नर्सना सांगायचे, "आपलं रजिस्टर राहू दे, ह्यांना विचारा." मला ते फार आवडायचं. पोरीसाठी दुसरं काही करता येत नव्हतं. निदान कागद तरी माझ्याइतके कुणी जपणार नाही, एवढीच माझी ऐट होती.

सगळ्या औषधांत एक लाल होतं. मोठ्या सिरिंजमधून हळूहळू द्यायचं. त्यानंतर दिवसभर लघवीही लालसर व्हायची. पहिल्यांदा आम्ही दोघंही हबकलो. मुलीने मात्र त्याचं नाव 'रोझ मिल्क' ठेवून टाकलं. गुलाबाचं ते गोड दूध मिळायचं त्या दुकानावरून जाताना पूर्वी ती हटून बसायची. आता सिस्टर सिरिंज घेऊन आली की ती तोंड फिरवून म्हणायची, "रोझ मिल्क नको. बटर मिल्क दे." सिस्टर हसायची, बायको हसायची आणि मी वजनकाट्याचा आकडा पुन्हा तपासायला जायचो, कारण मला हसू येत नव्हतं. तिचं वजन मी रोज दोनदा वाचायचो आणि घरी फोन करून सासूबाईंना सांगायचो. त्यांना त्या आकड्याचं काय करायचं होतं कोण जाणे, पण मला तो कुणाला तरी सांगायचा असे.

शेवटची गोळी संपली त्या दिवशी डॉक्टरांनी फाइलवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही जपून ठेवा. मुलगी मोठी होईल, तिचं लग्न होईल, मुलं होतील. आजचं औषध उद्या शरीराला काय करतं ते पाहावं लागतं. कुठल्यातरी डॉक्टरला हे कागद कधीतरी लागणार." मी म्हणालो, "सर, कागदांचं मला सांगू नका." ते हसले.

सासूबाईंच्या माहेरी एक रीत होती. घरातलं माणूस मोठ्या दुखण्यातून उठलं की त्याच्या आजारपणातली वस्तू घरात ठेवायची नाही, वाहत्या पाण्यात सोडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीची हॉस्पिटलातली चादर, टक्कल झाकायची तिची पिवळी टोपी आणि ती फाइल घेऊन बीचवर गेलो. सासूबाईंनी सांगितलं म्हणून गेलो. निदान सगळ्यांना मी तसंच सांगत आलो.

चादर गेली, टोपी गेली. फाइल बुडेना. लाटेनं नाडी सुटली आणि कागद सुटे होऊन परत माझ्या पायाशी येऊ लागले. मी ते गोळा करून पुन्हा आत टाकायचो, ते पुन्हा यायचे. सकाळी फिरायला आलेले दोन आजोबा थांबून बघत होते. शेवटी मी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उरलेलं पुठ्ठ्यासकट दाबून धरलं, आणि तिथेच उभं राहून मोठ्यानं रडलो. लाटांचा आवाज होता म्हणून बरं. घरी आलो तेव्हा पँट कमरेपर्यंत अंगाला चिकटली होती आणि मला वाटलं, संपलं.

पुढची काही वर्षं तपासणीला नेत होतो. मग सगळं चांगलंच येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदाच या. आम्ही एकदा परीक्षा होती म्हणून चुकवलं, एकदा कोल्हापूरला लग्न होतं म्हणून, आणि नंतर कारण शोधायचीही गरज राहिली नाही. मुलगी इंजिनीअर झाली, शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. तिथल्याच एका तामिळ मुलाशी लग्न केलं. जावई गुणी आहे. आमच्या घरी आला की माझ्याशी मराठीत बोलायचा प्रयत्न करतो आणि मी तामिळमध्ये, त्यामुळे आमचं कधी भांडण होऊ शकलेलं नाही. दरम्यान आमचे म्हातारे डॉक्टर गेले. तीन वर्षांपूर्वी सासूबाईही गेल्या.

मागच्या वर्षी मुलीला दिवस गेले. आनंदाचे दोन आठवडे झाले असतील. बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंनी जुनं दुखणं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आधी तिकडे दाखवून या.

तिकडे म्हणजे आमच्याच जुन्या हॉस्पिटलात. लहानपणी कर्करोगातून बरी झालेली माणसं पुढे आयुष्यभर नीट राहावीत म्हणून तिथे आता शनिवारी वेगळी ओपीडी चालते. हृदय, हाडं, थायरॉइड, मन, सगळं बघतात. पण ती भरते बालविभागातच. म्हणजे भिंतीवर ससे, हत्ती आणि बसायला वीतभर उंचीच्या रंगीत खुर्च्या. त्या खुर्च्यांवर मिशीवाले बाप्ये, साडीतल्या बायका आणि टाय लावलेला एक बँकवाला, सगळे गुडघे छातीशी घेऊन आपला नंबर येईपर्यंत बसलेले. माझी लेक हिरव्या खुर्चीत बसली, मी पिवळ्या. ती म्हणाली, "अप्पा, उठताना मला हात द्या. नाहीतर मी इथेच बाळंत होईन." त्या दिवशी आम्ही खूप हसलो होतो, आत जाईपर्यंत.

आतली डॉक्टर तरुण होती, माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने सगळं सावकाश विचारलं. मग म्हणाली, "हृदयाचा एको आज चांगला आहे. पण त्या वेळचं लाल औषध हृदयाच्या स्नायूला थकवू शकतं, तेही कित्येक वर्षांनी. आणि पोटात बाळ असताना हृदयाला काम जास्त पडतं. एकूण किती औषध गेलं होतं ते कळलं तर पुढचे सहा महिने किती लक्ष ठेवायचं ते मला ठरवता येईल. कागद आहेत ना?"

हॉस्पिटलातले त्या काळचे कागद तळमजल्यावर होते आणि एका पावसाळ्यात पाणी शिरून त्यांचा लगदा झाला होता, हेही तिनेच सांगितलं. "पण काही आईवडिलांकडे असतात," ती म्हणाली.

लेक हसून माझ्याकडे वळली. "माझे अप्पा क्वालिटीत होते. त्यांच्याकडे असणारच. कुठंय हो फाइल?"

मी म्हणालो, "माळ्यावर असेल."

का म्हणालो? पोरीच्या चेहऱ्यावरचा तो भरवसा मला पुसवेना, एवढंच त्याचं उत्तर आहे. एकदा तोंडातून गेल्यावर मग शोधणं आलं. मी ओळीनं दोन रविवार माळ्यावर चढलो. ट्रंका उतरवल्या, गोधड्या झटकल्या, कोठीच्या खोलीतली कपाटं रिकामी केली. लेक एक दिवसाआड फोन करून विचारायची, सापडली का. मी म्हणायचो, बघतोय. बायको स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहायची. दुसऱ्या रविवारी तिने शिडी धरली आणि वर बघून विचारलं, "अहो, समुद्रातली फाइल माळ्यावर सापडली का?"

"तू सांग तिला," मी वरूनच म्हणालो.

"मी का? बुडवली कुणी? तुम्हीच सांगायचं."

त्याच संध्याकाळी लेक आणि जावई आले. जावयाला मी फुलं आणायला पाठवलं आणि लेकीला सांगून टाकलं. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ऐकता ऐकता तिने पाय खाली सोडले.

"समुद्रात?" ती म्हणाली.

"आज्जीने सांगितलं म्हणून. त्यांची रीत होती."

"अप्पा, तुम्ही ब्रेकच्या तुकड्याचे कागद पंधरा वर्षं सांभाळता. माझे एक दिवसही नाही?" तिचा आवाज चढला नाही. माझा चढतो, तिचा कधी चढत नाही, आणि ते जास्त वाईट असतं. "आणि दोन आठवडे मला खोटं सांगत होता. मी रोज त्या फाइलच्या भरवशावर झोपत होते. पुढच्या वेळी मी एकटीच जाईन. तुम्ही नका येऊ."

कारखान्यात असं एखाद्या माणसाने केलं असतं तर मी त्याला दारात उभा केला नसता.

माझ्या त्या खोट्या शोधाने घराचा पार विस्कोट झाला होता. सोमवारी बायकोने ठरवलं की आता सगळं निघालंच आहे तर कोठीच्या कपाटांतले कागदही बदलून टाकावेत. आमच्याकडे फळ्यांवर जुन्या कॅलेंडरची पानं अंथरायची पद्धत सासूबाईंची. कोल्हापूरहून माझा भाऊ दर दिवाळीला मराठी कॅलेंडर पाठवायचा. सासूबाईंना त्यातलं अक्षर वाचता येत नसे, पण तारखांचे मोठे चौकोन त्यांना आवडत. वर्ष संपलं की त्याचा जाड गुळगुळीत कागद लोणच्याच्या बरण्यांखाली जायचा, पाठची पाककृतींची बाजू वर करून. त्यातला एक ढोकळा बायको बरणी सरकवून सरकवून वाचत शिकली होती.

तिने पहिल्या फळीवरचं पान ओढलं, उलटं केलं आणि मला हाक मारली. तेलाचे डाग पडले होते, पण चौकोन दिसत होते. त्यांत बारीक निळ्या अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं, तामिळ लिपीत. मला त्या काळी वाटायचं की दूध-फुलांचं काहीतरी असेल. काही चौकोनांत कुंकवाचा ठिपका होता.

"अम्माचं अक्षर," बायको म्हणाली. चष्मा लावून तिने एक चौकोन वाचला आणि खाली जमिनीवरच बसली. मग फोन उचलून लेकीला म्हणाली, "ऑफिस सुटल्यावर इकडे ये. अप्पांशी बोलू नकोस हवं तर, पण ये."

लेक आली. माझ्या लेकीला मराठी बोलता येतं, पण देवनागरी वाचताना ती अडखळते. मला देवनागरी येते, तामिळ अक्षरं बसच्या पाटीपुरती. तिची आज्जी मात्र मराठी बोलणं तामिळ अक्षरांत लिहायची, आणि ते सरळ वाचू शकेल असं आमच्या घरात आता मायलेकींशिवाय कुणी नव्हतं. लेकीने पान मांडीवर घेतलं, ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचू लागली.

"आज रोझ मिल्क. पोर अप्पासंगट गेलं. सोळा किलो. मला उपास."

पुढच्या आठवड्यात पुन्हा ठिपका. "रोझ मिल्क. पंधरा किलो. पोर असकं ओकलं. ताक दिलं, ते राह्यलं. मला उपास."

तिच्या तोंडून आज्जीचा तो हेल, 'सगळं'ला 'असकं' म्हणणं, जसंच्या तसं येत होतं. ती लहानपणी ज्या बोलीत बोलायची आणि शाळेत मुलं हसतात म्हणून जी सोडून दिली होती, तीच. बायको पदराने डोळे पुसत होती. मी दाराशी उभा होतो, कारण मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"रोझ मिल्क. पंधरा किलो. माप्पिळ्ळै जेवला नाही. जेवलो म्हणाला." हे वाचून लेक थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोटं बोलायची सवय जुनीच आहे म्हणजे."

बायको हसली. मलाही हसू आलं, पण दाबलं.

त्या माउलीने लाल औषधाच्या प्रत्येक दिवशी उपास केला होता, कुणाला न सांगता. आणि मी फोनवर सांगितलेलं प्रत्येक वजन लिहून ठेवलं होतं. पहिल्या महिन्यात चार ठिपके. मग बऱ्याच पानांनंतर पुन्हा काही.

शनिवारी लेक ती पानं गुंडाळून एकटीच हॉस्पिटलला गेली. मी सकाळी आठला कपडे करून बसलो होतो, न जाणो तिने बोलावलं तर. तिने बोलावलं नाही. दुपारी फोन आला तो आईला. डॉक्टरने पानं पाहून आधी नर्सना बोलावून दाखवली म्हणे. त्या काळी इथे कुठल्या पद्धतीने औषध द्यायचे ते तिला माहीत होतं, एका वेळचा डोस वजनावरून काढता येत होता, आणि किती वेळा ते ठिपके सांगत होते. "पण उपचार अडीच वर्षं चालले ना?" तिने विचारलं होतं. "ही पहिल्या वर्षाचीच पानं आहेत. नंतर पुन्हा दिलं असेल तर हिशेबच बदलेल. उरलेली पानं मिळतील?"

उरलेली पानं! बायकोने आणि मी त्या दुपारी घरातली एकूण एक फळी उघडी केली. डाळींचे डबे, देवघराचा खण, चपलांचं कपाटसुद्धा. दोन वर्षांची पानं निघाली, फक्त एक महिना सोडून. तो महिना बायकोला रात्रंदिवस हॉस्पिटलात काढल्यामुळे पाठ होता. नुसत्या गोळ्या होत्या, ती शपथेवर म्हणाली. संध्याकाळी लेक आली आणि आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. या वेळी मी न विचारता खुर्ची ओढली. ती एकेक चौकोन वाचत गेली, मी तारखा लिहीत गेलो. ताप आला. ताप गेला. केस आले, मऊ आलेत. पोर शाळेत गेलं. ठिपका कुठेच नव्हता. जसजशी पानं संपत आली तसतसा माझा जीव भांड्यात पडत गेला.

शेवटच्या पानावर एक चौकोन गच्च भरलेला होता. ती तारीख मला वाचायची गरज नव्हती.

लेकीने वाचलं, "चादर, टोपी समुद्रांत सोडाय सांगिटलं. माप्पिळ्ळै फाइल बी घेऊन गेला. मी पाहिलं. अडवलं नाही."

वीस वर्षं मी त्या बाईच्या नावावर जे खपवत आलो होतो ते तिच्याच अक्षरांत माझ्यासमोर होतं. सासूबाईंनी फाइलचं नाव काढलं नव्हतं. मीच ती चादरीत गुंडाळली होती. मला ती डोळ्यांसमोर नको होती. तिच्यातली एकेक पट्टी मला रात्रीची तोंडपाठ आठवायची. ती घरात असेपर्यंत माझ्या लेखी ते दुखणं घरातच होतं. मला लाज वाटली आणि मी ती कबूल केली. म्हणालो, "आज्जीने नव्हतं सांगितलं. मीच केलं."

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा पानावर वाकली, कारण अजून एक-दोन ओळी होत्या.

"दोन वर्ष तेच उचलून फिरला. थोडं हात रिकामं होऊ दे. भिजून आला. काफी दिली."

शेवटचे दोन शब्द तिला नीट वाचता आले नाहीत. पान बाजूला ठेवून तिने विचारलं, "जड होती का हो अप्पा, फाइल?"

"हो," मी म्हणालो. "फार जड होती गं."

ती उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या टकलावर हनुवटी टेकवली. लहानपणी तिचं डोकं तसं झालं होतं तेव्हा मी तिच्यासाठी हेच करायचो. "शनिवारी आठला तयार राहा," ती म्हणाली. "उशीर केलात तर सोडून जाईन."

शनिवारी मी साडेसहालाच तयार होतो. हिरव्या खुर्चीत ती, पिवळ्या खुर्चीत मी. डॉक्टरने सगळ्या तारखा, वजनं मांडली, गणित केलं आणि म्हणाली, "अंदाजे मध्यम आहे. फार जास्त नाही. दर तीन महिन्यांनी एको करू आणि बाळंतपण इथेच, हृदयाचे डॉक्टर हाताशी ठेवून. घाबरायचं कारण नाही, लक्ष ठेवायचं कारण आहे."

आयुष्यभर 'अंदाजे' म्हणणाऱ्या माणसांवर मी ओरडलो होतो. त्या दिवशी तो शब्द ऐकून मी डॉक्टरसमोर हात जोडले. ती संकोचून म्हणाली, "अंकल, माझं काही नाही. तुमच्या सासूबाईंना सांगा."

त्या ओपीडीत आता प्रत्येकाला एक वही देतात, काय झालं होतं, काय काय दिलं, पुढे काय तपासायचं. लेकीची वही तिने स्वतः भरली. मी प्रती काढल्या, चार. एक तिच्याकडे, एक जावयाकडे, एक माझ्याकडे आणि एक कोल्हापूरला भावाकडे. भावाने विचारलं, मी याचं काय करू? मी म्हणालो, काही करू नकोस, फक्त लोणच्याखाली घालू नकोस.

नातू झाला. दोघंही सुखरूप. तो आता माझा चष्मा ओढतो आणि वजनाला साडेसात किलो आहे, मी मोजलंय. मागच्या आठवड्यात लेक आली होती, तेव्हा त्याला मांडीवर घेऊन मी मोठ्या समाधानानं म्हणालो, "चला, सगळं पार पडलं. संपलं एकदाचं."

लेकीने माझ्याकडे जशी नजर टाकली तशी तिची आज्जी टाकायची. "अप्पा, हे संपत नसतं. पुढच्या महिन्यात माझा एको आहे. मग वर्षानं. मग पुन्हा वर्षानं. तुम्ही संपलं म्हणालात की मला समुद्राची भीती वाटते."

ती देवघरात जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. भिंतीवरच्या यंदाच्या कॅलेंडरवर पुढच्या महिन्याचं पान उलटलं, एका शनिवारी ठिपका लावला आणि पेनने चौकोनात काहीतरी लिहिलं. मग मुलाला पाजायला आत गेली.

मी जवळ गेलो. तामिळ अक्षरं होती. सासूबाईंची ती पानं निघाल्यापासून मी ती रोज थोडी थोडी शिकतोय, बायको शिकवते आणि चुकलो की कॉफी लांबवते. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेलो. वेळ लागला, पण लागलं.

"एको. पोर अप्पासंगट जाणार."